बाइंडरबाईंकडे विसरलेल्या वस्तू

४ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, तुझा सख्खा थोरला भाऊ, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विमा कंपनीच्या दावे विभागातील वरिष्ठ तपासनीस, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. तू पाठवलेले पार्सल काल मिळाले. ते उघडल्यावर मला जो धक्का बसला त्याची लेखी नोंद व्हावी, हा तो हेतू.

पार्सलात एका कादंबरीचा पहिला चतकोर आहे. म्हणजे धडधाकट, नवीकोरी कादंबरी तू सुरीने कापलीस. लहानपणी एकाच पुस्तकावरून आपली झोंबाझोंबी झाली, तेव्हा बाबांनी ब्लेडने त्याचे दोन भाग केले आणि "आता वाचा मुकाट्याने" म्हणून दोघांच्या हातांत एकेक दिला, हे मला स्मरते. पण त्या वेळी तू फ्रॉकमध्ये होतीस. आज तू पन्नाशी ओलांडलेली भौतिकशास्त्राची शिक्षिका आहेस. पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून हात असे मोकळे सुटावेत, हे बरे नव्हे.

पत्र लिहून अभिप्राय कळवल्याशिवाय पुढचा भाग मिळणार नाही, ही तुझी अट जाचक आहे. तरी मान्य करतो. कारण भाग अशा जागी संपतो की मान्य न करून सोय नाही.

आता अभिप्राय. लेखिका कृष्णवर्णीय, पात्रेही झाडून सारी कृष्णवर्णीय, हे पाहून मी मनाची तयारी केली की आता अन्याय, बेड्या आणि अश्रू येणार. आल्या त्या टोप्या. नायिका बेचाळीस वर्षांची टोपीवाली आहे. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांसाठी ती पिसांच्या, जाळीच्या, फितींच्या टोप्या करते, आणि तिच्या तीन मावश्या दुकानात ठाण मांडून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संसाराचे माप काढतात. अन्याय दाराबाहेर उभा आहे हे चार-दोन वाक्यांत कळते, पण लेखिका त्याला आत बसायला खुर्ची देत नाही. हे मला आवडले. मावश्यांचे संवाद नुसते डोळ्यांनी वाचून भागेना, म्हणून मी ते मोठ्याने वाचले. शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केली.

हरकत एकच. फेरीबोटीची इंजिने दुरुस्त करणारा नायक आपल्या आईची जुनी टोपी नीट करून घ्यायला दुकानात येतो, आणि त्याची सावली त्याच्या मागाहून येते. दारातून, एकटी. कोणालाही आश्चर्य वाटत नाही. थोरली मावशी एवढेच म्हणते, "पोरी, दार लोटू नकोस, त्याची अजून यायचीय." ठीक. पण एकदा ती सावली चहा निवेपर्यंत येत नाही आणि एकदा पाठोपाठ येते. नियम काय? इतका ढिसाळपणा मी एकाही दाव्यात चालू दिलेला नाही.

सुटी पाने विस्कटू नयेत म्हणून तो भाग आमच्या ऑफिसच्या जुन्या कागदपत्रांची बांधणी करणाऱ्या बाईंकडे ठेवायला दिला आहे. कापलेली कड पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "माझ्या बहिणीने." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. यावरून काय ते समजून घे.

तुझा,
दादा


१२ जून

प्रिय दादा, साष्टांग नमस्कार. प्लास्टरमुळे सध्या अर्धाच.

तुझं पत्र तुझ्या मेहुण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "याला पोच द्यायची की नोटिशीचं उत्तर?"

अरे, मी आयुष्यभर पोरांना सावली कशी पडते ते शिकवलं. फळ्यावर दिवा काढला, चेंडू काढला, किरण काढले. मला ती सावली उशिरा आलेली चालते, आणि तू वाणिज्य शाखेचा, तुला चालत नाही? गंमत आहे! मी तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा खिडकीतल्या उन्हात हात धरून बघितला. माझी वेळेवर होती. वाईट वाटलं जरा.

अन्यायाला खुर्ची देत नाही हे मात्र तू बरोबर पकडलंस. मला त्या तिघी मावश्या फार आवडतात. बेचाळिसाव्या वर्षी बाई प्रेमात पडते आणि घरातल्या कुणालाच ते लाजिरवाणं वाटत नाही, उलट मावश्या भांडतात की पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं. असं पुस्तक मी आजवर वाचलं नव्हतं. हसत हसत वाचते आणि मधेच चष्मा पुसायला काढते.

दुसरा भाग सोबत आहे. यात मधली मावशी मेलेली आहे हे कळेल. घाबरू नकोस, ती चहाला येत राहते.

कोण रे या बांधणीवाल्या बाई? काही बोलल्या नाहीत म्हणजे कशा बोलल्या नाहीत? रागाने की हसू दाबून? तपासनीस आहेस ना, नीट लिही.

तुझी,
ठमी


२३ जून

चि. ठमीस आशीर्वाद.

दुसरा भाग वाचून झाला. मृत मावशी दर रविवारी चहाला येते आणि चहा पांचट झाला म्हणून कुरकुरते, यावर माझा आक्षेप नाही. आईसुद्धा आली असती तर हेच म्हणाली असती. आक्षेप असा की, कपातला चहा कमी होतो तो जातो कुठे? बाइंडरबाईंना मी हेच विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, जिवंत माणसं पितात तो तरी कुठे जातो? गप्पांत जातो." या उत्तराला तर्काचा आधार नाही, पण ते मला खोडता आले नाही.

तू विचारलेस म्हणून त्यांच्याविषयी माहिती देतो. ऑफिसच्या मागच्या रस्त्याला, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी त्यांचे दुकान आहे. वय सुमारे पन्नास. यजमान निवर्तल्यावर दुकान त्यांनीच चालवले. उंच स्टुलावर बसून, बोटात पितळी अंगुस्तान घालून त्या पानांचे गठ्ठे शिवतात. या गठ्ठ्यांना फर्मे म्हणतात. सर्व फर्मे हाती आल्याशिवाय पुस्तक शिवता येत नाही, म्हणून आपले दोन्ही भाग त्यांनी लोखंडी शिकंजात दाबून ठेवले आहेत. हत्यारे जिथल्या तिथे असतात. खळीच्या भांड्याला झाकण असते. मी पाहिलेल्या दुकानांत इतके नीटनेटके दुसरे नाही. पहिल्या दिवशीचे त्यांचे न बोलणे हसू दाबून होते, असे माझे आता मत झाले आहे.

त्या दोन्ही भाग वाचतात. शिकंजात घालण्यापूर्वी पाने क्रमाने आहेत का पाहायला हवे, असे त्यांचे म्हणणे. पाहायला त्यांना दोन दिवस लागले. काल मी गेलो तेव्हा माझ्या हातात पार्सल नाही हे पाहून, "पुढचं नाही आलं?" असे इतक्या नाराजीने म्हणाल्या की मी त्यांची माफी मागितली.

एक किरकोळ बाब. गेल्या आठवड्यात माझी पेन्सिल त्यांच्या दुकानात राहिली. ती आणायला गेलो तर चष्म्याचे घर राहिले. तुला ठाऊक आहे, मी कोठेही काही विसरत नाही. वस्तू हरवल्याच्या लोकांच्या कहाण्या तपासण्यात माझी सारी हयात गेली. हे वयाचे लक्षण असावे. लक्ष ठेवून आहे.

आईची उत्तरेकडची खोली रंगवून घेतली. इस्त्रीचे टेबल सोडले तर ती रिकामीच आहे. तू आलीस की तुझी सोय होईल.

तिसरा भाग त्वरित पाठव. आम्ही थांबलो आहोत.

तुझा,
दादा


१ जुलै

प्रिय दादा,

"आम्ही" थांबलो आहोत!

मेहुण्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पत्र फ्रेम करून लाव."

मी काही बोलत नाही. तिसरा भाग पाठवते आहे. यात तुला हवा तो सावलीचा नियम सापडेल. तो मिळाल्यावर जरा आरशात बघ, मग पत्र लिही.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. खाज इतकी सुटते की विणायची सुई आत घालते. डॉक्टरांना सांगू नकोस.

ठमी

ता.क. चष्म्याचं घर मिळालं का, की अजून तिथेच आहे?


१४ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

प्रथम तुझ्या ताज्या कलमाचे उत्तर. चष्म्याचे घर मिळाले. ते आणायला गेलो त्या दिवशी जेवणाचा डबा राहिला. डबा आणायला गेलो तेव्हा डब्याबरोबर छत्रीही राहिली. पेन्सिल अजून तिकडेच आहे.

प्रकरण गंभीर वाटल्याने मी रीतसर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेतले, मधेच पाच शब्द सांगून अर्ध्या तासाने विचारले. सर्व बरोबर आले. मग त्यांनी विचारले, "विसरता कुठे कुठे?" मी म्हणालो, "एकाच ठिकाणी." "काय आहे तिथे?" मी म्हणालो, "खळ, पुठ्ठा, दोरा." पेनाला टोपण लावून ते म्हणाले, "औषध नाही यावर. जात राहा." वैद्यकीय व्यवसायाचा दर्जा घसरला आहे.

आता कादंबरी. तू लिहिल्याप्रमाणे नियम सापडला, आणि तो अगदी चोख आहे. लेखिकेची मी मनोमन क्षमा मागितली. नायकाला जिथून निघावेसे वाटत नाही, तिथे त्याची सावली मागे रेंगाळते. आईच्या घरातून निघाला की थोडी उशिरा येते. बोटीवरून निघाला की लगेच येते, कारण नोकरीचा कंटाळा. आणि टोपीवालीच्या दुकानातून निघाला की सावली उठतच नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहते. ते प्रकरण मी तीनदा वाचले. टोपीवालीला हे दिसते. ऊन सरकून सावली उठून जाऊ नये म्हणून ती खिडकीचा पडदा हळूच ओढून घेते, आणि त्याला मात्र काही सांगत नाही. ती का सांगत नाही, या प्रश्नावर बाइंडरबाई आणि मी संपूर्ण दुपारची सुट्टी घालवली. माझे म्हणणे, सांगणे तिचे कर्तव्य आहे. ती दुसऱ्याची वस्तू आहे. बाई म्हणाल्या, "सांगितलं तर तो न्यायला येईल, साहेब. आणि एकदा नेली की मग?" मला मुद्दा नीट कळला नाही. पण त्या तो फार हळू आवाजात मांडत होत्या, म्हणून मी वाद वाढवला नाही.

तिसरा भाग संपतो तेव्हा नायकाला दूरच्या जहाजावरची मोठी नोकरी आली आहे. चौथा भाग तातडीने लागेल, त्याचे कारण वेगळे आहे. इमारतीच्या मालकाला दुकानाची जागा हवी आहे. महिनाअखेर दुकान बंद करून बाई परगावी मुलीकडे राहायला जाणार आहेत. शिकंजा भंगारवाला नेणार. "पुस्तक शिवून देते, मगच जाईन," असे त्यांनी सांगितले आहे. तेव्हा विलंब नको.

शिकंजा चांगल्या घडणीचा आहे. मी सहज टेपने मोजला. घरी आईच्या खोलीचे दारही मोजले, तेव्हा तो त्यातून आरामात जाईल, असे माझ्या लक्षात आले. निष्कर्ष काही नाही. मोजले म्हणून लिहिले.

तुझा,
दादा


१९ जुलै

दादा,

सरळ लिहिते, कारण तुला आडून सांगितलेलं या जन्मात कळायचं नाही.

पेन्सिल, चष्म्याचं घर, डबा, छत्री. अरे फूटपट्टी, तुझी सावली त्या दुकानात बसली आहे! डॉक्टरांना कळलं, मेहुण्यांना कळलं, प्लास्टर कापायला आलेल्या पोराला मी गोष्ट सांगितली तर त्यालाही कळलं. दुसऱ्याच्या कादंबरीतला नियम चोख शोधून काढतोस आणि आपल्या खोलीच्या दाराचं माप घेऊन निष्कर्ष काही नाही म्हणतोस?

तुझं लग्न राहून गेलं. घरात कुणी ना कुणी आजारी असायचं, मग माझं शिक्षण, मग सवय. कुणी तुला दोष देत नाही. पण बाई महिनाअखेर जाणार आहेत. त्या गेल्यावर तू हरवलेली वस्तू कुठे शोधणार आहेस?

चौथा भाग पाठवत नाही. आधी त्यांच्याशी बोल. मग मिळेल.

ठमी


२४ जुलै

चि. ठमीस.

तुझे १९ तारखेचे पत्र मिळाले. त्यातील अनुमान मला मान्य नाही. चार वस्तू विसरणे हा योगायोग असू शकतो. मी अशी प्रकरणे पाहिली आहेत. एका कष्टाळू, आदरणीय बाईंविषयी अशी थट्टा तुझ्याकडून अपेक्षित नव्हती. मेहुण्यांकडून होती.

तरीही, माझ्या जाण्यायेण्याचा कोणी भलता अर्थ काढत असेल तर त्याचा त्रास त्यांना होईल, मला नव्हे. म्हणून मी तिकडे जाणे बंद केले आहे. राहिलेल्या वस्तू आणायला परवा ऑफिसच्या शिपायाला पाठवले. छत्री आणि डबा आला. डबा घासून पुसून, तपकिरी कागदात, पुस्तकाला घालतात तसे कव्हर घालून दिला होता. पेन्सिल सापडत नाही, असा निरोप होता. त्या दुकानात वस्तू सापडत नाही हे संभवत नाही. पण मी पुन्हा विचारणा केली नाही.

दुपारची सुट्टी आता ऑफिसातच बसून काढतो. ती फार लांबलचक असते, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते.

चौथा भाग पाठवावास किंवा न पाठवावास. माझा आग्रह नाही.

दादा


२५ जुलै

ताईंना नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमच्या भावाचं पुस्तक माझ्याकडे बांधायला आहे. तुमचा पत्ता पार्सलच्या कागदावर होता. चांगला जाड कागद होता, म्हणून मी तो जपून ठेवला होता.

शेवटचा भाग तुमच्याकडेच असेल तर मला पाठवाल का? एकतीस तारखेला मी दुकान सोडते आहे. पुस्तक अर्धवट ठेवून गेले तर मला चैन पडणार नाही. आणि ती टोपीवाली शेवटी त्याला सांगते की नाही, तेही कळायला हवं.

तुमचे भाऊ हल्ली येत नाहीत. शिपायाला पाठवलं होतं. माझं काही चुकलं असेल तर त्यांना विचारा. म्हणजे चुकलं आहेच. मी शिपायाला सांगितलं की पेन्सिल सापडत नाही. ती माझ्या एप्रनच्या खिशात आहे. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहून टाकते.

आणखी एक. चष्म्याचं घर, डबा, हे सगळं मी त्याच दिवशी शेजारच्या चावीवाल्याच्या मुलाकडून ऑफिसात पोचवू शकले असते. चार पावलांवर तर आहे. पोचवलं नाही. वरच्या फळीवर मागे ठेवत होते, म्हणजे त्यांना शोधायला जरा वेळ लागेल. ते यायचे, आधी झाकण, मग कात्री, मग दोऱ्याची रिळं बघायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमच्याकडे सगळं जिथल्या तिथे असतं." असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लोक फक्त विचारतात, कधी देणार.

मुलगी चांगली आहे, जावईही चांगले आहेत. पण तिथे मला करायला काही नाही. ती म्हणते, आई, आता आराम कर. हे ऐकलं की माझे हात दुखतात.

जास्त लिहिलं. राग मानू नका.

बाइंडिंगवाली


२७ जुलै

प्रिय बाई, नमस्कार.

राग कसला! तुमचं पत्र वाचून मी प्लास्टर निघालेल्या पायावर नाचले, आणि आता तो पाय सुजला आहे.

शेवटचा भाग तुम्हाला पाठवते आहे, दादाला नाही. मी तो वाचला आहे. काय होतं ते सांगत नाही. त्याला निरोप धाडा की शिवण्याआधी पानं तपासायला या. कामाचा निरोप असेल तर तो आजारपणातून उठून येईल. आला की आधी पेन्सिल काढून समोर ठेवा आणि गप्प बसा. त्याला बोलायला वेळ लागतो, पण एकदा बोलला की मागे घेत नाही.

आणि साहेब म्हणणं सोडा. घरी त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे.

तुमची,
ठमी


३० जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मागील पत्रात मी जे अमान्य केले होते ते या पत्राने मान्य करतो. आता तपशील.

काल निरोप आला: "शेवटचा भाग माझ्याकडे पोचला आहे. शिवण्यापूर्वी पाने तपासून घ्यावीत." मी दुपारी गेलो. दुकान जवळजवळ रिकामे होते. फळ्या उतरवलेल्या, पुठ्ठे बांधून ठेवलेले. शिकंजा तेवढा जागच्या जागी होता आणि त्यात आपले तीन भाग. बाईंनी समोर पेन्सिल ठेवली. मी म्हणालो, "सापडली वाटतं." त्या म्हणाल्या, "हरवलीच नव्हती."

मी पाने तपासायला घेतली. त्या म्हणाल्या, "मोठ्याने तपासा." तेव्हा मी मोठ्याने वाचले आणि त्या ऐकत राहिल्या. मावश्यांच्या संवादांना त्या अशा हसल्या की चावीवाला काम सोडून दारात येऊन उभा राहिला.

शेवट तुला ठाऊक आहे, पण मला तो लिहावासा वाटतो. नायक जहाजावर जायला निघतो. धक्क्यावर उभा राहतो. सावली काही येत नाही. इकडे दुकानात टोपीवाली पडदा पूर्ण उघडते. सावली तरीही उठत नाही. मग ती डोक्यावर स्वतःची टोपी घालते, सावलीला म्हणते, "चल, तुला पोचवून येते," आणि भर उन्हात धक्क्यापर्यंत चालत जाते. रस्त्यावर एक बाई आणि दोन सावल्या. ती त्याला म्हणते, "माझ्याकडे होती. मी सांगितलं नाही." जहाज सुटले की नाही हे लेखिका सांगतच नाही. एवढेच सांगते की, मेलेल्या मावशीने त्या रविवारी एक कप जास्त मांडायला सांगितला. या ठिकाणी मी पाने त्यांच्याकडे सरकवली आणि उरलेले अर्धे पान बाईंनी वाचले.

मला वाटले होते, मी म्हणेन की शेवट अपुरा आहे. तसे म्हटले नाही.

मी म्हणालो, "शिकंजा भंगारात देऊ नका. माझ्याकडे उत्तरेकडची एक खोली आहे. कोरडी आहे, उजेड चांगला आहे, आणि दाराचे माप मी घेतले आहे."

त्या म्हणाल्या, "कधी घेतलं?"

"पंधरा दिवस झाले."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"निष्कर्ष काढत होतो."

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "शिकंजाची सोय झाली. शिकंजा चालवणारीचं काय?" मी म्हणालो की त्या प्रश्नासाठीच दाराचे माप घेतले होते, हे मला आत्ता समजते आहे. वाक्य फारसे नीट बांधलेले नव्हते. त्यांनी ते चालवून घेतले. लगेच हो म्हणाल्या नाहीत. मुलीला शब्द दिला आहे, तेव्हा परवा तिच्याकडे जातील, महिनाभर राहतील आणि तिला स्वतःच्या तोंडाने सांगतील. "मग येईन," म्हणाल्या. "काम करायला. बाकीचं, फूटपट्टी, हळूहळू शिवू." हे टोपणनाव त्यांना कसे कळले, याचा तपास लावायला मला वेळ लागला नाही. त्याबद्दल तुझ्याशी स्वतंत्र बोलेन.

पुस्तक त्यांनी माझ्यासमोर शिवले. चार भागांचे एक झाले. तू केलेली सुरीची करामत आता पाठीवर बोट फिरवले तरच लागते.

निघताना मी एकेक वस्तू मोजून बॅगेत भरली. पेन्सिल, चष्म्याचे घर, डबा, छत्री, पुस्तक. त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. "आज काही विसरला नाहीत," म्हणाल्या. मी म्हणालो, "आज गरज वाटली नाही."

आज सकाळी हमाल शिकंजा पोचवून गेले. तो माझ्या मापाप्रमाणे दारातून आत गेला. आता मुख्य बाब. मघाशी डबा घासायला काढला, तर त्यात काहीतरी खुळखुळले. झाकण उघडले. आत त्यांचे पितळी अंगुस्तान होते. ज्या बाईंच्या दुकानात एक सुई इकडची तिकडे होत नाही, त्यांच्या बोटातली वस्तू माझ्या डब्यात कशी आली, याची चौकशी मी करणार नाही. ते मी शिकंजावर, खिडकीच्या बाजूला ठेवले आहे. दुपारचे ऊन तिथवर येऊ लागले तेव्हा उठून पडदा थोडा ओढून घेतला.

तुझा,
फूटपट्टी

स्थळ: उत्तरेकडची खोली
दिनांक: ३० जुलै